आरएसए चेस: चॅम्प का मिनेला इंडो?

टापांचा_आवाज:
बुधवारी 11 मार्च 2020 ला इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला आरएसए ही घोड्यांची रेस आहे, तीन मैलांची नॉव्हिस चेस. चेस म्हणजे फेन्सेस (उंच, पक्के अडथळे) ओलांडत पळायचं, आणि नॉव्हिस म्हणजे हा सीझन सुरू होईपर्यंत फेन्सेसवर एकही रेस न जिंकलेले घोडे. जो तो चॅम्प या घोड्याचं नाव घेतोय, मला नाही पटत. 1 जानेवारीला इथेच डिपर या चेसमध्ये सगळ्यांच्या पुढे होता आणि शेवटून दुसऱ्या फेन्सला पडला, त्यानंतर पळालेलाच नाही! मी मिनेला इंडोच्या बाजूने. गेल्या वर्षी चेल्टनहॅमलाच अल्बर्ट बार्टलेट ही हर्डल्सची (लहान अडथळ्यांची) रेस जिंकला, भाव होता 50/1 (एकाला पन्नास), लोक म्हणाले नशीब, मग आयर्लंडमध्ये पंचस्टाउनला जाऊन परत जिंकला.

लगाम_सोडा:
अरे पण माइट बाइट विसरलास का? तोही चॅम्पसारखाच ट्रेनर निकी हेंडरसनचा. 2016 च्या बॉक्सिंग डेला (26 डिसेंबर) केम्प्टनला खूप पुढे असताना शेवटच्या फेन्सला पडला आणि मार्चमध्ये हीच आरएसए जिंकला, तीही रन-इनवर (शेवटच्या फेन्सपासून फिनिशपर्यंतचा भाग) भरकटून परत येऊन, व्हिस्परला अगदी नाकभर अंतराने हरवून. एकदा पडला म्हणून घोडा बाद करायचा का? चॅम्पने हर्डल्सवर एन्ट्री रेसकोर्सवर तीन मैलांची ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची रेस, मारलीये, दम आहे त्याच्यात.

टापांचा_आवाज:
माइट बाइट मधे डॉनकास्टरला पळून, जिंकून आला होता रे. तोच तर फरक आहे. पडल्यानंतर घोड्याला एक साधी रेस मिळाली की तो परत मोकळा उडी मारतो, चॅम्पला ती मिळालीच नाही, आता थेट गर्दीत, समोर काही दिसत नाही अशा जागी पहिली फेन्स घ्यायचीये.

हिरवळ:
तुम्ही दोघंही अलाहोला सोडून देताय. ट्रेनर विली मलिन्सचा आहे, धिप्पाड घोडा, फेन्सेससाठीच जन्मलेला. हर्डल्सवर कोण कितवा आला हे चेसला कशाला मोजायचं?

लगाम_सोडा:
मोजायचं, कारण अल्बर्ट बार्टलेटला अलाहो तिसरा होता आणि इंडो पहिला, तोच चढ, तेवढंच अंतर. पण तुझा एक मुद्दा मान्य, फेन्सेसवरच्या विजयांवर फार जाऊ नये, गेल्या वर्षी टॉपऑफदगेम फेन्सेसवर एकही न जिंकता आला आणि सँटिनी, डेल्टा वर्कला मागे टाकून आरएसए घेऊन गेला.

पुणे_रेसकोर्स_फॅन:
आपण महालक्ष्मीला आणि पुण्याला फ्लॅट, म्हणजे अडथळ्यांविना रेसेस, बघत वाढलो म्हणून सगळे आधी स्पीड बघतो. चेसमध्ये घोडा फेन्सच्या फार जवळ गेला की वर चढतो, उतरताना मान खाली जाते, जॉकीला लगाम लांब सोडावा लागतो आणि दोन-तीन ढांगा तिथेच जातात, अशा चार चुका झाल्या की चढावर उरतं काय? डिपरपर्यंत चॅम्पची उडी मला तरी चांगलीच वाटत होती, एका फेन्सवरून त्याला वाईट जंपर म्हणणं अन्याय आहे.

टापांचा_आवाज:
वाईट जंपर नाही म्हणालो, पडल्यानंतर तपासलेला नाही एवढंच म्हणतोय. आणि यंदा फेब्रुवारीभर तिकडे धो धो पाऊस, जमीन जड असणार, तिथे जॉकी रेचल ब्लॅकमोर इंडोला पुढेच ठेवेल आणि मागून येणाऱ्याला तो चढ चढून त्याला गाठावं लागेल. अल्बर्ट बार्टलेटनंतर आरएसए जिंकणं बॉब्स वर्थ या घोड्यानेही केलं होतं, 2011 ला अल्बर्ट बार्टलेट, 2012 ला आरएसए.

लगाम_सोडा:
बॉब्स वर्थ पण हेंडरसनचाच होता भाऊ 🙂 नॉव्हिसला आरएसएसाठी कसं तयार करायचं हे त्या माणसाला कळतं, मधे रेस दिली नाही त्यामागे कारण असणार. मी चॅम्पवरच आहे, जॉकी बॅरी गेराटी त्याला शांत मागे बसवेल आणि शेवटच्या फेन्सनंतर सोडेल.