पैसे येण्याआधीच पोचपावती
काम देणाऱ्या संस्थांना सही केलेलं छापील बिल कुरियरनेच हवं असतं, ही अनेक भाषांतरकारांची तक्रार रास्तच आहे. मला त्याहून खटकते ती आगाऊ पोचपावती. भाषांतराचं बिल दिलं की रेव्हेन्यू स्टॅम्पवर (महसुली तिकिटावर) सही करून ‘रक्कम मिळाली’ असं आधीच लिहून मागतात. पैसे मात्र महिनोन्महिने येत नाहीत! ५००० रुपयांपुढच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं, हे १८९९ च्या मुद्रांक कायद्यातलं कलम खरं. पण पावती पैसे मिळाल्यावर द्यायची असते. उद्या रक्कम बुडाली तर आपलीच सही आपल्याविरुद्ध पुरावा. त्यात पैसे एनईएफटीने, म्हणजे बँकेतून थेट खात्यात येतात; त्याची नोंद बँकेत असतेच. मी आता खात्यात रक्कम जमा झाल्यावरच पावती पाठवते आणि काम घेतानाच तसं ईमेलवर कळवते. एका लेखा विभागाने कुरकुरत का होईना, मान्य केलं.