गुप्तचर खात्यातला माणूस थेट सत्तेत यावा का?

फोंडेकर (धागा सुरू)

परवा भाचा जेवायला आला होता. हुमणाची वाटी पुढे सरकवता सरकवता अजित डोभाल यांच्यावरून आमची जुंपली. तो म्हणाला, देशाला असाच माणूस हवा. मी म्हटलं, माणसाबद्दल तक्रार नाही, ज्या वाटेने ते तिथे पोचले त्या वाटेबद्दल आहे. वाद अर्धाच राहिला, म्हणून इथे मांडतो.

डोभाल 1968 च्या तुकडीचे, केरळ केडरचे आयपीएस. उमेदीची बहुतेक वर्षं इंटेलिजन्स ब्युरोत, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्यात (आयबी), गेली. मिझोराम पाहिलं, पंजाब पाहिला, 1988 साली कीर्ती चक्र मिळालं. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारला विमान अपहरणकर्त्यांशी बोलणी करणाऱ्यांत ते होते. पुढे आयबीचे संचालक झाले. मे 2014 पासून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आहेत आणि 2019 पासून त्यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आहे. दर्जा मंत्र्याचा, पण ते लोकसभेत नाहीत आणि राज्यसभेतही नाहीत. प्रश्नोत्तराच्या तासाला उठून उत्तर देणं त्यांच्या वाट्याला येतच नाही.

दुसरी वाट अमेरिकेतल्या एलिसा स्लॉटकिन यांची. 11 सप्टेंबर 2001 ला त्या न्यूयॉर्कमध्ये शिकत होत्या. त्यानंतर सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेत विश्लेषक झाल्या, इराकमध्ये तीन नेमणुका केल्या, मग संरक्षण खात्यात गेल्या. 2018 साली मिशिगनमधून निवडणूक लढवली. प्रचारात इराकपेक्षा आईबद्दल जास्त बोलावं लागलं: आईला कर्करोग झाला तेव्हा विमा नव्हता. 2024 साली त्या सिनेटवर गेल्या, तेही थोडक्या मतांनी. समोरचा उमेदवार माईक रॉजर्स, एफबीआयचा जुना अधिकारी. दोघंही गुप्त कामातली, आणि दोघांनाही लोकांच्या दारात जाऊन मत मागावं लागलं.

हा फरक मला फार मोठा वाटतो. 26/11 आठवा. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील पदावरून गेले, मुख्यमंत्री विलासराव गेले, उपमुख्यमंत्री आर. आर. आबा गेले. तिघंही लोकांमधून वर आलेले. तेव्हाचे सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन, तेही आयबीचे माजी संचालक. ते जानेवारी 2010 पर्यंत पदावर राहिले आणि नंतर बंगालचे राज्यपाल झाले. त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही. पण चूक होती की नव्हती, हे त्यांना लोकांसमोर उभं करून विचारायची सोय आपल्याकडे कुठे आहे?

वास्कोचा नौसैनिक

22 वर्षं वर्दीत काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा मुद्दा ऐकायला बरा, कामाच्या ठिकाणी टिकत नाही.

सल्लागार सल्ला देतो. निर्णय पंतप्रधानांचा आणि मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीचा. 29 सप्टेंबर 2016 ला सर्जिकल स्ट्राइक झाला तेव्हा संरक्षणमंत्री कोण होते? आपले मनोहरभाई. निवडून आलेला माणूस खुर्चीवर होताच ना? आणि निवडणुकीचा एवढा आग्रह असेल तर हेही लिहा, की त्या वेळी पर्रीकर राज्यसभेत उत्तर प्रदेशातून होते. पणजीच्या मतदाराने त्यांना त्या खुर्चीवर बसवलं नव्हतं. म्हणून ते कमी प्रामाणिक ठरले का?

ज्याने सीमेपलीकडचा माणूस ओळखण्यात आयुष्य घातलं त्याला तुम्ही कोपरा सभा घ्यायला लावणार. मतं मागायला लागला की तो बोलायला लागतो. बोलायला लागला की त्याची माणसं तिकडे पकडली जातात. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पदच 1998 चं, अणुचाचण्यांनंतरचं. पहिले ब्रजेश मिश्र, परराष्ट्र सेवेतले. तेही कुठे निवडून आले होते? तेव्हा कुणी ओरडलं नाही.

डिचोलीची वकील

पर्रीकरांचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. राज्यसभेतून का होईना, ते सभागृहात बसत होते. विरोधक उठून प्रश्न विचारत होते आणि त्यांना उत्तर द्यावं लागत होतं. फोंडेकर तेवढंच मागताहेत.

पण फोंडेकर, तुमचंही अर्धंच बरोबर. माणूस निवडून आला म्हणजे खातं लोकांना बांधील झालं असं होत नाही. आयबी किंवा रॉ (परदेशातली हेरगिरी बघणारी संस्था) चालवायला संसदेने केलेला स्वतंत्र कायदाच नाही. माहिती अधिकाराच्या 24 व्या कलमाने दोन्ही संस्थांना वगळलंय. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग हे दोनच अपवाद. 2011 साली खासदार मनीष तिवारींनी असा कायदा करायला खासगी विधेयक आणलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. ब्रिटनने 1994 साली कायदा करून खासदारांची समिती नेमली. अमेरिकेत 1975 च्या चर्च समितीने (सिनेटची चौकशी समिती) सीआयएची लक्तरं बाहेर काढली आणि त्यानंतर दोन्ही सभागृहांत कायमच्या समित्या आल्या. स्लॉटकिनबाई निवडून येतात ते या चौकटीत. आपल्याकडे चौकटच नाही, मग दार कुठलं हा वाद कशाला?

माशेलचे मास्तर

मी तुम्हा तिघांशीही सहमत नाही. हा माणूस सत्तेत नकोच, कुठल्याही दाराने नको.

माझे आजोबा 1961 साली गोवा मुक्त झाल्यानंतरही रेडिओ लावताना आधी खिडकी ओढून घ्यायचे. पाखले (पोर्तुगीज) जाऊन दहा वर्षं झाली तरी हात आपोआप खिडकीकडे जायचा. आजी म्हणायची, आता कुणी ऐकत नाही हो. ते हसायचे आणि तरीही कडी लावायचे. गावातलाच कुणीतरी कानोसा घेतोय, ही भीती हाडात मुरलेली. पोर्तुगीज पोलिसांच्या एजंट मोंतेरोचं नाव घेतलं की आमच्या घरात बोलणं थांबायचं. त्याच कासिमिर मोंतेरोने पुढे 1965 साली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या विरोधात उभे राहिलेले जनरल देलगादो यांना स्पेनच्या हद्दीत गोळ्या घातल्या. पुतिन केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेत होते, ड्रेस्डेनला होते. 1999 साली सत्तेत आले, आज रशियाची काय अवस्था आहे बघा. आयुष्यभर माणसांकडे संशयाने बघितलेला डोळा खुर्चीवर बसल्यावर बदलत नाही.

वास्कोचा नौसैनिक

मास्तर, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण ही तुलना मला लागली. पोर्तुगीज पोलिस परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांवर पाळत ठेवत होते. आयबीचा माणूस मिझोरामच्या जंगलात कुणासाठी गेला?

आणि गुप्त काम फक्त पाखल्यांनीच केलं का? वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 पासून आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानात दडून गोवा मुक्तीसाठी रेडिओ केंद्र चालवलं. नाव लपवून, ठिकाण लपवून, सहा वर्षं. तुमचे आजोबा खिडकी लावून बहुधा तेच ऐकत असतील.

माशेलचे मास्तर

हो, तेच ऐकायचे. ते मान्य. पण त्या दोघांनी सत्ता मागितली नाही. डिसेंबर 61 मध्ये काम संपलं, रेडिओ बंद केला.

फोंडेकर

पर्रीकरांची बाब मी सोडून द्यायला नको होती, नौसैनिकांचं ते बरोबर. वकीलबाईंचं त्याहून बरोबर: मी दाराचं बोलत बसलो, घराला भिंतीच नाहीत हे विसरलो. पण मास्तर, तुमचं पटत नाही. माणसाचा पूर्वीचा धंदा बघून त्याला कायमचं बाहेर ठेवायचं, हाही संशयच झाला. स्लॉटकिन मला चालतील. डोभालही चालतील, संसदेच्या समितीसमोर वर्षातून दोनदा बसले तर. बंद दाराआड बसोत, माझी हरकत नाही.

वास्कोचा नौसैनिक

बंद दाराआड, खासदार शपथेला बांधलेले, आणि चालू मोहिमेबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. एवढं असेल तर माझी सही घ्या. चालू मोहीम वगळली नाही तर मी विरोधातच.

डिचोलीची वकील

चालू मोहीम म्हणजे कुठली, हे ठरवणार कोण? तेच खातं?