कोंडवाड्यातून गाय सोडवायची आहे, मदत हवी (नागपूर)

मानेवाडाकर:
काल सकाळी गाडी आली अन गाय घेऊन गेली. घरी वीस दिवसांचं वासरू आहे, रात्रभर हंबरून राहिलं. बाटली लावली तर तोंड फिरवते. सोडवायला काय लागते? दंड किती? लवकर सांगा.

झिरोमाईल:
कुठून उचलली? महापालिकेचा झोन कोणता? हनुमाननगर की नेहरूनगर? कानात बिल्ला आहे का?

मानेवाडाकर:
रिंग रोडवरून. पिवळा बिल्ला आहे. दंड किती ते सांगा ना भाऊ.

झिरोमाईल:
बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो. तो लिहून ठेवला आहे का? नोंद कोणाच्या नावावर आहे?

संत्रानगरी:
उचलली ते बरंच झालं. मागच्या पावसाळ्यात माझा मेहुणा रात्री रस्त्यात बसलेल्या गाईवर आदळला. मांडीत रॉड आहे त्याच्या, अजून मांडी घालून बसता येत नाही. धार काढायची अन दावं सोडून द्यायचं, असंच चालू आहे सगळीकडे. न्याय संहितेचं कलम २९१ वाचा. जनावर सांभाळण्यात हयगय केली अन माणसाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मानेवाडाकर:
मी मोकाट सोडत नाही. दावं तुटलं. अर्धा तुकडा अजून खुंट्याला आहे, पीळ उसवून काथ्या बाहेर आला आहे. मेहुण्यांचं वाईट वाटलं, पण माझी गाय तशी नाही.

निवृत्त पेशकार:
१८७१ चा कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट पाहा. कोंडवाड्याच्या नोंदवहीत जनावराचं वर्णन, आणल्याचा दिवस अन वेळ लिहावी लागते, ती नोंद दाखवा म्हणा. दंडाचे अन चाऱ्यापाण्याचे दर तिथेच दर्शनी जागी लावायचे असतात. सात दिवसांत कोणी मागितलं नाही तर जाहिरात, पुढच्या सात दिवसांनी लिलाव. बेकायदा धरली असं वाटत असेल तर धरल्यापासून दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार.

झिरोमाईल:
काका, तो शेतात घुसलेल्या गुरांचा कायदा आहे. शहरात महापालिकेचे नियम चालतात.

निवृत्त पेशकार:
रस्त्यावर भटकणारी गुरंही त्यात येतात. वाचून बोला.

प्रतापनगरवाली:
गाय लगेच उचलतात, मग आमच्या गल्लीतले कुत्रे का नाही? पोरगी शिकवणीला जायला घाबरते.

झिरोमाईल:
२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी अन लस करून कुत्रा त्याच जागी सोडावा लागतो, म्हणून. २०२२ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानं खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री घरी न्यावीत असं म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टानं ते थांबवलं.

गोठेवाली:
कुत्र्यांचं राहू द्या. भाऊ, तिची धार कोण काढून राहिलं? वीस दिवसांची व्यालेली गाय, कालपासून दोन-तीन वेळा धार चुकली असेल. कास दगडासारखी झाली असेल. दंडाचं नंतर पाहा. आधी बादली अन कोमट पाणी घेऊन जा, आत धार काढू द्या म्हणून हात जोडा. पहिल्या चिळा वाटीत काढून पाहा. गाठी किंवा रक्त दिसलं तर ते दूध वासराला पाजू नका, डॉक्टरला बोलवा. अन वासराला आधी बोट चोखू द्या, मग हळूच बाटलीचं बोंडूक सरकवा. दूध कोमट हवं. मान उंच ओढून ओतू नका, ठसका लागतो.

मानेवाडाकर:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोट चोखलं त्यानं, अर्धी बाटली गेली. अन हो, बिल्ला सासऱ्यांच्या नावावर आहे, गाय त्यांनी काटोलहून दिली होती.

झिरोमाईल:
हेच तर मगापासून विचारून राहिलो! त्यांना आधार कार्ड घेऊन बोलवा. ओळखीसाठी गाईचा जुना फोटो मोबाईलमध्ये असेलच. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

मानेवाडाकर:
सासरे काटोलहून बसनं निघाले. मी बादली घेऊन पुढे जातो.

गोठेवाली:
ढेप (पेंड) घेऊन जा थोडी. ओळखीचा वास आला की पान्हा सोडेल.