'शास्त्रावर विसंबा' म्हणजे नेमकं कशावर?

सोनकी:
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनाच्या अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. तीन पानं आहेत. मुद्दा असा की मंडळीने निर्णय घेताना जगातल्या हुशारीवर न जाता बायबल काय म्हणतं ते आधी पाहावं. मी मथळा दिला, 'जगाचे ज्ञान नको, शास्त्राचा आधार हवा'.

भाचा बारावी सायन्सला आहे. त्याने टेबलावरचा कागद उचलला, मथळा वाचला आणि खूश होऊन म्हणाला, "मावशी, चर्चच्या अंकात विज्ञानाच्या बाजूने लेख? भारी!" त्याने वाचलं ते बरोबरच वाचलं. त्याच्या दप्तरात रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे. लहानपणापासून रविवारी माझ्यासोबत उपासनेला येणाऱ्या मुलाला 'शास्त्र' म्हटल्यावर बायबल आठवत नाही, याचा मला धक्का बसला. आमच्या घरातल्या बायबलच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'पवित्र शास्त्र' छापलंय. त्याच्या आजीने ते अक्षर झिजेपर्यंत हाताळलंय.

दुसरी अडचण मथळ्याच्या पहिल्या अर्ध्यात. 'जगाचे ज्ञान' हा बायबलमधलाच प्रयोग, पण मंडळीबाहेरच्या वाचकाला ते भूगोलाचं पुस्तक वाटेल. 'व्यवहारज्ञान' म्हणावं तर मराठीत ती शाबासकी आहे. मग काय लिहू? अंक छापायला जायला दहा दिवस आहेत.

पारनेरकर:
सोनकीताई, 'शास्त्र' अजिबात सोडू नका. शब्द आपलाच आहे, विज्ञानवाल्यांनी तो नंतर घेतला. गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक काढून बघा: काय करावं, काय करू नये हे ठरवताना शास्त्र हे तुझं प्रमाण. तुमच्या लेखाचा मुद्दा हाच तर आहे, ग्रंथ वेगळा इतकंच. मूळ धातू शास्, म्हणजे आज्ञा करणे, शिकवणे. शासन, अनुशासन, शिष्य, शिस्त सगळे त्यातूनच आले. शास्त्र म्हणजे ज्याचं ऐकायचं ते.

मोडीवाचक:
शिस्त नाही हो. तो फारसी शब्द. जुन्या कागदांत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. वळणाने वागण्याचा अर्थ पुढचा. बाकीच्यांशी सहमत.

रेवती_म:
माझ्या पिढीला तर तिसराच अर्थ आधी सुचतो. 'शास्त्रापुरता गोडाचा तुकडा तोंडात टाक' म्हणतो तो. म्हणजे नावाला, चिमूटभर. त्यात 'शास्त्र असतं ते' या वाक्याचे मीम्स इतके फिरले की आता कुठलीही निरर्थक रीत शास्त्र झालीये. 'शास्त्राचा आधार' वाचून मला वाटलं असतं की फक्त रीत पाळायला सांगताहेत. लेखाच्या हेतूच्या बरोबर उलट.

सोनकी:
रेवती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे एकाला विज्ञान वाटणार, दुसरीला उपचार.

वसईचा_वारा:
आमच्याकडे कॅथलिकांत 'पवित्र शास्त्र'पेक्षा 'बायबल'च जास्त चालतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी अनुवाद केला, त्याचं नावही 'सुबोध बायबल'. साधा सरळ शब्द आहे, कुणाचा गैरसमज होत नाही. 'बायबलचा आधार हवा' लिहा आणि मोकळ्या व्हा.

पारनेरकर:
मग 'मंडळी'चं चर्च करा, 'पाळका'चा पास्टर करा, 'उपासने'ची सर्व्हिस करा. शेवटी मराठीत उरेल काय? क्रियापदं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली त्या गेल्या, पुस्तक १९२४ला बाहेर आलं. एवढे कष्ट मराठीसाठीच ना?

वसईचा_वारा:
काका, रमाबाईंचं नाव तुमच्या बाजूला कसं लागतं? त्यांची तक्रारच अशी होती की आधीचं भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झालंय, खेड्यातल्या बाईला कळत नाही. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना समजेल असं मराठी त्यांना हवं होतं, आणि छापखान्याचं कामही त्याच बायका करत. आज ती बाई 'बायबल' म्हणते. तेव्हा तिच्या तोंडचा शब्द घ्यायचा.

अक्षरदिंडी:
'शास्त्र' ठेवायला माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे. ज्या वचनावरून 'जगाचे ज्ञान' आलंय, ते करिंथकरांस पहिलं पत्र, १:२०, मराठीत वाचा. 'शास्त्री कोठे राहिला?' असा सवाल पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथेच करतो. म्हणजे एका दमात आपण सांगणार की शास्त्राला धरून राहा, आणि त्याच अध्यायात शास्त्र्याचं ज्ञान मूर्खपणात काढलेलं. शुभवर्तमानांत तर 'शास्त्री व परूशी' ही येशूच्या विरोधकांची जोडगोळीच. ग्रीकमध्ये हा गोंधळ नाही. तिथे शास्त्री म्हणजे 'ग्रामातेउस', लेखनिक, ग्रंथपंडित. लेखांना दुसरा शब्द, 'ग्राफे'. ही दोन्ही लिहिण्याच्याच धातूवरून आलेली, शास्त्र आणि शास्त्री मात्र आपण आज्ञेच्या धातूवरून घेतली. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात ३:१६ला 'शास्त्रलेख' असा जोडशब्द आहे. मला तो आवडतो, त्यात लिहिलेपणा शाबूत राहतो.

खडीसाखर:
आमच्या आजीने आयुष्यात 'शास्त्रलेख' म्हटलं नाही. ती म्हणायची 'वचन'. "वचनात काय आहे ते बघ, मग बोल." भांडण झालं की हेच, स्थळ आलं की हेच. उशाशी बायबल, त्यात मोराचं पीस आणि एकशे एकोणिसाव्या स्तोत्राला दुमडलेलं पान: 'तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे'. मथळा 'वचनाचा आधार' असा करा की.

रेवती_म:
सुंदर आहे, पण बाहेरच्याला वचन म्हणजे दिलेला शब्द. 'वचन मोडलं' मधलं.

खडीसाखर:
त्यासाठी आमच्याकडे 'अभिवचन' आहे. एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर वर्षाच्या अभिवचनाचं कार्ड मिळतं. आजीच्या कपाटाच्या काचेमागे अशी कार्डं ओळीने खोचलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. देव बोलला ते वचन, देव देणार म्हणाला ते अभिवचन. इतका नेमका फरक बाहेरच्या मराठीतही नाही.

मोडीवाचक:
हा फरक खरंच नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

सोनकी:
'वचन' मला पटतंय. पण दुसऱ्या अर्ध्याचं काय? 'जगाचे ज्ञान'ला कुणी हातच लावला नाही.

अक्षरदिंडी:
'ज्ञान'च काढा. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरहून नियतकालिक काढलं, त्याचं नाव 'ज्ञानोदय'. ख्रिस्ती मराठीत ज्ञान म्हणजे उजेड. त्याला वाईट ठरवायला 'जगाचे' हे एकच विशेषण पुरत नाही. 'शहाणपण' घ्या. या शब्दाला मराठीत आधीच थोडा डाग आहे: अतिशहाणा, दीडशहाणा, 'शहाणपणा करू नकोस'. 'जगाचं शहाणपण' म्हटलं की बोलणाऱ्याची नापसंती आपोआप कळते.

पारनेरकर:
शहाणा हा 'शाह'वरून. राजासारखं वागतो तो शहाणा. म्हणूनच डाग आहे.

मोडीवाचक:
नाही पारनेरकर. सज्ञानवरून. हिंदीतला सयाना त्याच घरातला. म्हणजे अक्षरदिंडी ज्ञान काढून पुन्हा ज्ञानच आणताहेत.

अक्षरदिंडी:
पोटात असेल, कानाला तर लागत नाही ना. कानाला काय लागतं ते महत्त्वाचं.

नेवासे_रोड:
मी शब्दवाला नाही, तरी लिहितो. आमच्या मंडळीच्या जागेवरून दोन गट पडले होते. सभेत एक जण म्हणाले, व्यवहार बघा, सरळ कोर्टात जाऊ. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली. चष्मा नव्हता, तिने नातीला करिंथकरांसच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचायला लावला. भावाने भावावर फिर्याद न्यायची आणि तीही बाहेरच्यांपुढे? तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का? सभेत कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी आम्ही कोर्टात गेलो नाही. सोनकीताई, 'व्यवहार' हा शब्द त्या सभेत शिवीसारखा वाटला मला. म्हणून म्हणतो, तोच लिहा.

वसईचा_वारा:
जागेचं पुढे काय झालं?

नेवासे_रोड:
निम्मी राहिली.

वसईचा_वारा:
हेच मला सलतं. मंडळीच्या जमिनी अशाच जातात आणि आपण वचन वाचून गप्प बसतो. पौलानेही स्वतःवर वेळ आली तेव्हा कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितलीच की, प्रेषितांची कृत्ये, पंचविसावा अध्याय. आणि लूकच्या सोळाव्या अध्यायातला तो लबाड कारभारी? धनी त्याची हुशारी वाखाणतो. या युगाचे लोक प्रकाशाच्या लोकांपेक्षा शहाणे असतात, हे खुद्द येशू म्हणतो. व्यवहाराला शिवी बनवू नका.

नेवासे_रोड:
पौल भावावर गेला नव्हता, आपला जीव वाचवायला गेला होता. फरक आहे. आणि निम्मी राहिली ती जागा आज दोन्ही गट मिळून वापरतात. तिथे बालवाडी आहे.

अक्षरदिंडी:
शब्दाकडे येऊ या. वसईकरांनी आणलेलं 'युग' महत्त्वाचं आहे. ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत, 'कॉसमॉस' आणि 'आयोन', आणि मराठीत त्यांना जग आणि युग असे वेगळे ठेवलेत. करिंथकरांस २:६मध्ये पौल 'ह्या युगाचे' ज्ञान म्हणतो. म्हणजे आक्षेप ज्ञानावर नाही, त्याच्या मुदतीवर आहे. हे शहाणपण या काळापुरतं आहे, सरून जाणारं आहे. 'चार दिवसांचं शहाणपण' कसं वाटतं?

रेवती_म:
वा. हे सासूच्या चार दिवसांच्या शेजारी जाऊन बसतं, अर्थ लगेच कळतो.

पारनेरकर:
मथळ्याला फार बोलभाषेतलं होतंय. 'ऐहिक' का नको?

मोडीवाचक:
ऐहिक म्हटलं की वाचक पान उलटतो. फादर स्टीफन्सनी १६१६ला ख्रिस्तपुराण छापलं, त्यात स्वर्गाला सरळ 'वैकुंठ' म्हटलं. समोरच्या माणसाच्या तोंडातला शब्द उचलायला ते कचरले नाहीत.

वसईचा_वारा:
पण ते वैकुंठ पुढे टिकलं नाही ना चर्चमध्ये? मग उचललेला शब्द टिकतो कधी आणि पडतो कधी?

मोडीवाचक:
यावर वेगळा धागा काढा, मी येतो. 'सलाम'चंही तिथेच बघू. नगरकडे पाळकांना अजून सलाम करतात आणि तो कुणाला परका वाटत नाही.

सोनकी:
अंक काल छापायला गेला. मथळा 'वचनाला धरून' एवढाच ठेवला, आणि आत एके ठिकाणी 'चार दिवसांचं शहाणपण' लिहिलं. भाच्याला वाचायला दिलं. तो विचारतोय, "कोणी कोणाला वचन दिलंय?"

खडीसाखर:
त्याला अभिवचन सांगा. आणि कार्ड दाखवा.