पाळी पुढे ढकलण्याची गोळी: आपापले अनुभव लिहावेत

परवा सूनबाईने विचारले, "आई, गौरीपूजन आणि माझी तारीख एकाच दिवशी येते आहे, गोळ्या घेऊ का?" आणि मला लग्नानंतरचा पहिला गणपती आठवला. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्याकडच्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या होत्या. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. पूजा पार पडली आणि गोळ्या थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली. पूर्वी माझ्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. या गोळीचा थोडा अंश शरीरात इथिनिल एस्ट्राडायॉल या, रक्ताच्या गाठींचा धोका वाढवणाऱ्या संप्रेरकात बदलतो, त्यामुळे गाठ झालेल्या बाईने ती घेऊ नये, हे मला फार उशिरा कळले.

— ताई, मला हीच गोळी रक्तस्राव थांबवण्यासाठी दिली होती. त्रेचाळिसाव्या वर्षी बारा-बारा दिवस अंगावर जायचे, हिमोग्लोबिन ७ वर आले होते. "मुले झाली आहेत, पिशवी काढून टाक," असे घरचे सगळेच म्हणत होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक थोडे थोडे सोडणारी, तांबीसारखी दिसणारी वस्तू गर्भाशयात बसवली. पहिले चार महिने डाग पडत राहिले आणि मी कंटाळून ती काढायला निघाले होते. नंतर पाळी जवळजवळ थांबली आणि पिशवी वाचली.

— बसवताना फार दुखते का? मला पुढच्या आठवड्यात बोलावले आहे.

— मला दोन मिनिटे जोराची कळ आली, संध्याकाळी स्वयंपाक केला. प्रत्येकीचे वेगळे असते.

— मी उपकेंद्रात परिचारिका आहे. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, दर तीन महिन्यांनी घ्यायचे. पाळी थांबली की बायका घाबरून येतात, "रक्त पोटात साठत असेल" म्हणतात. गर्भाशयाचे अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय, हे मी रोज समजावते. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हेही आधीच सांगते.

— रसायनशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. प्रोजेस्टेरॉन हे पाळीशी संबंधित, शरीरात तयार होणारे संप्रेरक; ते नैसर्गिक रूपात तोंडाने घेतल्यास बरेचसे यकृतातच नष्ट होते. त्याच्यासारखेच काम करणारे, पण तोंडाने घेता येईल असे नॉरएथिस्टेरॉन १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत लुईस मिरामोंतेस या तरुणाच्या हातून तयार झाले. मूळ कच्चा माल तिथला रानकंद होता.

— मी धागा काढणारीच. डॉक्टरांनी सूनबाईला रक्तदाब, अर्धशिशी, माहेरी कोणाला रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का, हे सारे विचारून गोळ्या लिहून दिल्या. तिने त्या अजून आणलेल्या नाहीत. पाळी आली तरी तिनेच गौर बसवावी, असे मी तिला सांगितले आहे.