तळ्याकाठच्या वस्तीचं हिवाळी पत्रक: बर्फाबद्दल काय लिहावं, काय टाळावं?

काठावरचा

तळ्याभोवती पंचवीसेक घरं आहेत. त्यातली निम्मी हिवाळ्यात बंद असतात. दर शनिवारी वस्तीसाठी एक पानभर पत्रक निघतं: रस्त्यावरचं हिम कधी निघणार, कोणाला लाकडं हवीत, कोणाची मांजर सापडत नाही, वगैरे. यंदापासून ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

गेल्या पत्रकात ‘तळं गोठलं, बर्फ चांगला धरलाय’ एवढंच वाक्य होतं. त्यावर दोन शेजाऱ्यांनी हरकत घेतली आणि ती मला पटली. तर विचारायचं असं: (१) बर्फाची जाडी नेमकी कशी मोजायची आणि कशी छापायची? (२) बंद घरांवर नजर ठेवणाऱ्या शेजाऱ्यांसाठी काय लिहावं? (३) एका धक्क्यापाशी बबलर (हवेचे बुडबुडे सोडून भोवतालचं पाणी गोठू न देणारं यंत्र) चालू आहे, त्याबद्दल लिहिलं तर भांडण होईल का?

शून्याखाली

पहिलं म्हणजे ‘चांगला’, ‘पक्का’, ‘सुरक्षित’ हे तीन शब्द पत्रकातून कायमचे काढा. बर्फाची बातमी एका जागेची आणि एका वेळेची असते. शंभर पावलांवर ती खोटी ठरू शकते. जागा, तारीख, वेळ, जाडी आणि बर्फाचा प्रकार एवढंच छापायचं. जायचं की नाही ते वाचणारा ठरवेल.

मोजणी अशी. बॅटरीवरच्या ड्रिलला लाकडाचं लांब गिरमिट लावा, ४ सेंमीचं भोक पुरतं. एका पट्टीच्या टोकाला आकडा (हूक) बसवा, भोकातून खाली सोडा, आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून वर ओढा आणि वाचा. वरचं हिम आधी बाजूला सारायचं. ते जाडीत धरणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे भोक पडलं की वरून अंदाजे आकडा सांगणं. मधे पाण्याचा थर असलेला दुपदरी बर्फ असला तर गिरमिट पहिल्या थरातून सुटतं आणि खालचा कळतच नाही. असं झालं तर फक्त वरच्या सलग थराची जाडी लिहा.

भोकातलं पाणी कुठवर चढतं तेही बघा. बर्फ मोकळा तरंगत असेल तर पाणी पृष्ठभागाच्या थोडं खाली थांबतं, २० सेंमी बर्फात साधारण दीड-पावणेदोन सेंमी खाली. पाणी भोकातून वर सांडायला लागलं तर हिमाच्या वजनानं बर्फ दबलेला आहे. १० सेंमी बर्फ दर चौरस मीटरला जेमतेम ८ किलो हिम पेलतो. म्हणजे ताजं भुसभुशीत हिम ८ सेंमी, वाऱ्यानं दाबलेलं असेल तर तीन-चार सेंमीच. त्यापुढे भेगांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि चिखलासारखा रबडा होतो. तो गोठला की पांढरा बर्फ.

आता हा पांढरा बर्फ. त्याची ताकद पारदर्शक काळ्या बर्फाच्या निम्मी धरायची. खाली ६ सेंमी काळा आणि वर ८ सेंमी पांढरा असेल तर पट्टी १४ दाखवते, पण हिशेबात धरायचे १० च. म्हणून पत्रकात दोन्ही आकडे वेगळे हवेत.

पायी जायला किमान १० सेंमी काळा बर्फ हा रूढ आकडा. स्नोमोबाइलला १३ ते १८, लहान मोटारीला २३ ते २५. मोटार नेऊच नये असं माझं स्पष्ट मत, पण विचारणारे विचारतातच. या आकड्यांमागचं ढोबळ गणित कॅनडातले बर्फाचे अभ्यासक गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलं. सावध बाजूनं त्याचा वापर असा: सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा आणि साडेतीननं गुणा, तेवढे किलो. १० सेंमीला ३५० किलो येतात. मग एका माणसासाठी १० कशाला? कारण ५ सेंमीला ८७ किलोच येतात, आणि दोन भोकांच्या मधे कुठे ३ सेंमी आहे ते कोणाला दिसत नाही.

सुरुवातीच्या मोसमात दर ४०-५० मीटरला भोक पाडा. ओढा मिळतो ती जागा, तळ्याचा सांडवा, खालचे झरे, अरुंद खाडी, वेताचे पुंजके, धक्क्याचे खांब, उन्हात तापणारे काळे खडक, पाणपक्ष्यांनी मोकळा ठेवलेला भाग, या जागा पत्रकाच्या नकाशावर कायम लाल ठेवा. आकडा कितीही येवो.

काठावरचा

रोज मोजणं शक्य नाही. मधल्या दिवसांत अंदाज बांधता येतो का?

शून्याखाली

येतो, पण छापायचा नाही, पुढची मोजणी कधी करायची ते ठरवायला वापरायचा. रोजचं सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश, ते दिवसागणिक मिळवत जा. बेरजेचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, साधारण तेवढे सेंमी. उणे ५ चे पाच दिवस म्हणजे बेरीज २५, वर्गमूळ ५, बर्फ १० सेंमीच्या आसपास. त्याच थंडीचे वीस दिवस झाले तर २०. थंडी चौपट, बर्फ दुप्पटच, कारण वरचा बर्फच खालच्या पाण्याला पांघरूण होतो. हिम जाड असेल तर वाढ याहून मंद.

वसंताकडे झुकल्यावर हे सगळं रद्द. उन्हानं बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटतात. तेव्हा ४० सेंमी बर्फातही पहार दोन-तीन घावांत आरपार जाते. त्या काळात पत्रकात जाडीचा आकडा छापूच नका, ‘बर्फ उभा सुटू लागला आहे’ असं लिहा.

आणि रात्री तळं गडगडतं, शीळ घातल्यासारखं वाजतं, त्यावर दर हिवाळ्यात पाच जण घाबरून विचारतात. तापमान बदललं की बर्फ आकसतो-फुगतो आणि तडे जातात, त्याचा तो आवाज. एवढ्यावरून तो कमकुवत ठरत नाही. एक किलोमीटरचा बर्फ १० अंशांनी तापला तर अर्ध्या मीटरच्या आसपास वाढू पाहतो. काठाच्या भिंती आणि धक्के त्यामुळेच ढकलले जातात.

नळजोड

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कोण कधीपर्यंत बाहेरगावी आहे हे पत्रकात अजिबात नको. बंद घराची किल्ली, मेन व्हॉल्व्हची जागा आणि मालकाचा फोन एकाच शेजाऱ्याकडे असावा, छापील कागदावर नाही.

बंद घरं दोन प्रकारची. एक, मंद उष्णतेवर ठेवलेलं: थर्मोस्टॅट १३ अंशांच्या खाली नको, आणि तरीही मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून ठेवायचा. वीज गेली आणि नळी फुटली तरी नळीत असेल तेवढंच पाणी सांडतं. मात्र बॉयलरला आपोआप पाणी भरणारी जोडणी किंवा आगीचे फवारे असतील तर आधी प्लंबरला विचारा.

दोन, पूर्ण रिकामं केलेलं. इथे क्रम महत्त्वाचा. आधी गीझरची वीज बंद, मग पाणी. उलटं केलं तर कोरड्या टाकीत हीटिंग एलिमेंट जळतं. मग वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे नळ उघडा, गरम आणि थंड दोन्ही. गीझर आणि प्रेशर टँक निथळा, फ्लशची टाकी रिकामी करा. ट्रॅपमधलं, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या नळीतलं, पाणी तसंच राहतं. तिथे प्रत्येकी अर्धा लिटर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओता. मोटारीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही.

विसरायच्या जागा ठरलेल्या: वॉशिंग मशीनचा पंप, डिशवॉशर, बाहेरचा नळ. आणि तळ्यातून पाणी उचलणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, सक्शन पाइप. टोकाचा फूट व्हॉल्व्ह पाणी परत जाऊ देत नाही, त्यामुळे पंप निथळला तरी पाइप भरलेलाच राहतो आणि काठाजवळच्या उथळ भागात फुटतो. पाइप उचलून काढा किंवा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. पंपाच्या बुडाचा प्लग काढून तिथेच पंपाला दोरीनं बांधा, नाहीतर वसंतात तो शोधण्यात दिवस जातो.

फेरी मारणाऱ्या शेजाऱ्यानं बाहेरून एवढं बघावं: खिडकीच्या आतून दाट दहिवर, भिंतीतून बाहेर आलेला बर्फ, कोणी नसताना थांबून-थांबून सुरू होणारा पंप, हिमानं बुजलेला धुराचा पाइप. शेवटचं दिसलं तर तिथल्या तिथे मोकळं करा. भट्टी चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. वीज गेल्यावर जनरेटर लावणाऱ्यांसाठीही तेच: घरापासून सहा मीटर लांब, एक्झॉस्ट खिडक्यांच्या उलट दिशेला, गॅरेजमध्ये कधीच नाही.

नळी गोठलेली सापडली तर नळ उघडा आणि नळाच्या बाजूनं मागे-मागे हेअर ड्रायर फिरवा. ब्लोटॉर्च नको. नळी फुटते ती बहुतेकदा बर्फाची गुठळी आणि बंद नळ यांच्यामधे कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं, म्हणून गळती वितळल्यावर दिसते. तापवायच्या आधी मेन व्हॉल्व्हपाशी एक माणूस उभा करा.

पाणकोंबडी

बबलरवरून भांडणं होतात, कारण मालकाला आपला धक्का दिसतो आणि शेजाऱ्याला भोक. हवेचे बुडबुडे तळाशी असलेलं ४ अंशांपर्यंतचं, वरच्यापेक्षा किंचित उबदार पाणी वर आणतात. धक्क्याभोवती हात-दोन हात मोकळं पाणी राहिलं तरी काम झालं. पण यंत्र चोवीस तास चालवलं की भोक फुगतं. त्याहून वाईट म्हणजे भोकाबाहेरचा बर्फ खालून झिजतो आणि वरून तसाच दिसतो. मालकाला थर्मोस्टॅट आणि टायमर लावायला सांगा, भोवती परावर्तक पट्ट्यांचं कुंपण आणि रात्री दिवा हवा. बऱ्याच ठिकाणी हे कायद्यानंही लागतं, तुमच्याकडचा नियम बघून घ्या. पत्रकात मालकाचं नाव न घालता ‘अमुक धक्क्यापासून ३० मीटरमध्ये जाऊ नये’ असं दर आठवड्याला छापा. वाद त्यावर होत नाही, आरोपावर होतो.

आणखी एक: काठावर दोरी आणि शिडी कुठे टांगली आहे ते प्रत्येक पत्रकात वरच्या कोपऱ्यात. कोणी पडलं तर जवळ चालत जायचं नाही, पोटावर झोपून दोरी फेकायची. पडलेल्यानं पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणावा. हातपाय नीट चालतात ती पुढची दहाएक मिनिटं. आलो त्याच बाजूला वळायचं, कोपर बर्फावर, पाय मारत आडवं व्हायचं, बाहेर आलं की उभं न राहता लोळत दूर.

काठावरचा

नमुना लिहिलाय, बघा: ‘शनिवार, सकाळी ९. बोटीच्या उतारापासून आत ४०, ८० आणि १२० मीटर. काळा बर्फ सरासरी १२, वर पांढरा ३ सेंमी. हिम ५ सेंमी. ओढ्याच्या तोंडाशी मोजलेलं नाही.’

शून्याखाली

सरासरी काढून टाका. तीन भोकांचे तीन आकडे लिहा, सगळ्यात कमी आकडा आधी. भोकातलं पाणी कुठवर चढलं होतं तेही घाला. शेवटची ओळ उत्तम आहे, ती ठळक छापा.