गाय घेतली, टॅग तुटला, पोर्टलवर नाव अजून जुन्या मालकाचं. काय करू?

मळेवाला
रामराम मंडळी. बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन) गाय घेतली. दोन्ही वेळचं मिळून पंधरा लिटर देते. कानात ओळख क्रमांकाचा पिवळा टॅग होता, बाजार समितीची पावती आहे. गावातल्या डॉक्टरांनी नंबर टाकून बघितला तर सरकारच्या 'भारत पशुधन' पोर्टलवर नाव जुन्याच मालकाचं, आणि तो फोन उचलत नाही. त्यात परवा गव्हाणीच्या पट्टीत अडकून टॅग तुटला, कान फाटला. तुकडा जपून ठेवलाय. विमा काढायचाय. नवा टॅग मारला तर जुनी नोंद जाते का?

निवृत्त पर्यवेक्षक
तुकडा ठेवलात हे फार चांगलं केलंत. तो बारा आकडी नंबर त्याच गाईचा, दुसऱ्या जनावराला मिळत नाही. दवाखान्यात गेल्यावर स्पष्ट सांगा, 'टॅग बदल' म्हणून नोंद करा. मग लाळ्या-खुरकूतचं लसीकरण, कृत्रिम रेतन, वेत सगळं नव्या नंबराबरोबर येतं. घाईत 'नवीन जनावर' म्हणून चढवली तर कागदावर एका गाईच्या दोन गाई होतात, एक त्याची, एक तुमची. पुढे विम्याच्या वेळी हेच नडतं.

फाटलेल्या कानात आत्ता नवा टॅग मारू नका, जखमेत किडे पडतील. दुसऱ्या कानात मधोमध, दोन शिरांच्या मधल्या जागेत मारायला सांगा. शीर फुटली तर रक्त थांबत नाही. विमा त्यानंतरच काढा, फोटोत टॅगचा नंबर वाचता आला पाहिजे.

पावतीवर टॅग नंबर आहे का? आमच्या दवाखान्यात पावतीवर नंबर आणि घेणाऱ्याचं आधार असलं की नाव बदलून देत होतो.

गोठ्यातली ताई
दादा, नावाचं काम आधी उरका. २०२४ च्या सुरुवातीला लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं तेव्हा टॅग आणि आधार जोडलेलं नसलं की पैसे अडायचे. आमच्या वस्तीवर एकीनं महिनाभर दूध घातलं, हाती काही आलं नाही, कारण गाय कागदावर माहेरच्या नावावर होती. २०२२ च्या लम्पी रोगातही जनावर दगावलं तर दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५, वासराला १६ हजार मदत होती. गाय कुणाची हे तेव्हा शोधत बसायचं का?

बैलबाजार
मला याचाच राग येतो. १ जून २०२४ पासून टॅग नसेल तर खरेदी-विक्री बंद, वाहतूक बंद. नियम शेतकऱ्याला लावला, मग पावती फाडतानाच नाव बदलून का देत नाहीत? बाजारात फी घेता, तिथंच टेबल टाका. विकणारा तिथं उभा असतो, गाय तिथं असते.

निवृत्त पर्यवेक्षक
बरोबर आहे तुमचं, मीही हे बैठकांत मांडलं होतं. तोवर घेणाऱ्यानं इसार देऊन थोडी रक्कम मागे ठेवावी, नाव चढलं की उरलेली द्यावी.

मळेवाला
पावतीवर नंबर आहे, शेवटचे दोन आकडे पुसट झालेत. तुकड्यावर मात्र स्पष्ट दिसतात. सोमवारी पावती, तुकडा आणि आधार घेऊन दवाखान्यात जातो. काका, ताई, आभारी आहे.